वाटणीच्या दिवशी गैरहजर

बसा. मांडी घालूनच बसायला हवं असं नाही. खुर्ची चालेल, गच्चीचा कट्टा चालेल, पाठीला आधार असला की झालं. वेळ पहाटेची असेल तर उत्तम, नसेल तर नसो. आज आपल्याला एका देवाचा एक दिवस त्याच्या सोबतीने काढायचा आहे. मध्ये मध्ये मी थांबायला सांगेन, तिथे वाचणं खरोखरच थांबवा. पुढच्या ओळी कुठे पळून जात नाहीत.

आधी एवढंच करा. सूर्यदेव म्हटलं की मनात आपोआप काय उभं राहतं ते पाहा. सात घोडे, पांगळा अरुण, अर्घ्याची ओंजळ, रथसप्तमीला अंगणात उतू घालवलेलं दूध, आदित्य राणूबाईची कहाणी. यातलं काही पुसायचं नाही. थोडं सरकवून जागा करायची, कारण येणारा पाहुणा परक्या मुलखातला आहे.

त्याचं नाव हेलिओस. हेसिअड या कवीने इ.स.पू. 700 च्या सुमारास ग्रीक देवांची वंशावळ रचली. तिच्यात हेलिओस हा हायपेरिऑन आणि थिआ या टायटन जोडप्याचा मुलगा आहे. चंद्र म्हणजे सेलेने आणि पहाट म्हणजे इऑस, या त्याच्या बहिणी. हायपेरिऑन हा झ्यूसच्या बापाचा, क्रोनोसचा भाऊ. म्हणजे हेलिओस नात्याने झ्यूसचा चुलतभाऊ लागतो. हे नातं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

ग्रीकांचा सूर्यदेव कोण, असं कोड्यात विचारलं की उत्तर येतं अपोलो. ते अर्धंच बरोबर आहे. होमरचा अपोलो धनुर्धर आहे, रोगराईचे बाण सोडणारा आहे, सूर्य नाही. त्या दोघांना एक मानायला इ.स.पू. पाचव्या शतकात कुठे सुरुवात झाली आणि पुढे रोमन काळात ती समजूत पक्की बसली. अपोलोपाशी डेल्फीचं देऊळ होतं, भविष्य विचारायला येणारे राजे होते, उत्सव होते. हेलिओसपाशी रोजचं काम होतं. ॲरिस्टोफनीसच्या ‘शांती’ या इ.स.पू. 421 च्या नाटकात तर एक पात्र साफ म्हणतं की सूर्याला आणि चंद्राला बळी वाहणारे ते परके लोक, आम्ही ग्रीक बाकीच्या देवांना वाहतो. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला पूजा कमी मिळते. याला अपवाद एकच मोठा, ऱ्होड्स बेट. आपण तिथूनच निघू.

ऱ्होड्सच्या डायागोरस नावाच्या मुष्टियोद्ध्याने इ.स.पू. 464 साली ऑलिंपियात विजय मिळवला, तेव्हा पिंडार या कवीने त्याच्यासाठी गौरवगीत रचलं. त्यात ही कथा येते. देवांनी पृथ्वीची वाटणी केली. चिठ्ठ्या पडल्या, ज्याला त्याला आपापला मुलूख मिळाला. हेलिओस त्या वेळी तिथे नव्हता. त्याच्या नावाची चिठ्ठी कोणी काढलीच नाही. वाटणीच्या दिवशी घरात नसलेल्या चुलतभावाचं काय होतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. तो कुठे होता, हे पिंडार फोडून सांगत नाही. पण दिवस उजाडलेला असताना हेलिओस दुसरीकडे कुठे असणार?

पुढे काय झालं ते सावकाश वाचा. हेलिओसने ही गोष्ट झ्यूसच्या कानावर घातली. झ्यूस ओशाळला, म्हणाला, चिठ्ठ्या पुन्हा टाकू. हेलिओसने नको म्हटलं. समुद्राच्या तळातून एक जमीन वर येते आहे, मला ती दिसते आहे, तीच माझ्या वाट्याला द्या, असं त्याने सांगितलं. आणि तोंडी शब्दावर तो राहिला नाही. नियतीच्या तिघी बहिणींपैकी लाखेसिसला त्याने हात वर करून शपथ घ्यायला लावली. मग ऱ्होड्स पाण्याबाहेर आलं.

इथे पहिल्यांदा थांबा.

तो भांडला नाही, हे खरं. पण त्याने मोठेपणा दाखवून हक्कही सोडला नाही. आपल्या कामाच्या जागेवरून जे त्याला दिसत होतं ते खाली बसून वाटणी करणाऱ्या एकालाही दिसत नव्हतं, आणि नेमकं तेच त्याने मागितलं. ज्या कामापायी तुमचं काही हुकलं, असं एक काम आठवा. फार मोठं नको. हुकलं त्याचा हिशेब आत्ता काढू नका. त्या कामाच्या जागेवरून तुम्हाला काय दिसत होतं जे बाकीच्यांना दिसत नव्हतं, एवढ्यावरच मन ठेवा. कदाचित काहीच सापडणार नाही. प्रत्येक गैरहजेरीची भरपाई होते असा काही नियम नाही, पिंडारही तसं म्हणत नाही.

ऱ्होड्सच्या लोकांनी मात्र आपला देव जपला. नाण्यांवर एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गुलाब. दर वर्षी त्याच्या नावाने चार घोड्यांचा रथ ते समुद्रात सोडत, अशी नोंद एका रोमन कोशकाराने केली आहे. इ.स.पू. 305 मध्ये डिमेट्रिअस नावाच्या सेनानीने बेटाला वेढा घातला आणि वर्षभराने तो निघून गेला. मागे राहिलेली त्याची यंत्रसामग्री विकून आलेल्या पैशातून लिंडॉसच्या खारेसने बारा वर्षं खपून हेलिओसचा काशाचा पुतळा उभारला, सुमारे 33 मीटर उंच. बंदराच्या तोंडावर दोन पाय फाकून उभा असलेला पुतळा चित्रांत दिसतो, ती पुढच्या काळातली कल्पना. पन्नासेक वर्षांत, इ.स.पू. 226 च्या सुमारास, तो भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला. रोमन लेखक प्लिनी लिहितो की पडलेल्या पुतळ्याचा अंगठा कवेत घेणं फार थोड्यांना जमत असे. देववाणीने मना केलं म्हणून लोकांनी तो पुन्हा उभा केला नाही. मला वाटतं, बरं झालं.

आता दिवसाला सुरुवात करू. डोळे मिटा आणि एक संगमरवरी कोपरा डोळ्यांसमोर आणा. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या त्रिकोणी शिरोभागात, इ.स.पू. 432 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या शिल्पात, अगदी डाव्या टोकाला हेलिओस समुद्रातून वर येतो आहे. अंग अजून पाण्यात आहे. दिसते ती मान, खांदे आणि लगाम ओढणारे दोन लांब हात. त्याचं डोकं आज शिल्लक नाही. पुढ्यात घोड्यांची मुंडकी, वर झटकलेली, लाटेतून नुकती सुटलेली. आता त्रिकोणाच्या दुसऱ्या टोकाला या. तिथे सेलेनेचा एक घोडा आहे, रात्रभर धावून मावळतीला आलेला. डोळे बाहेर आलेले, नाकपुड्या फुगलेल्या, जबडा सैल सुटून खालच्या कडेवर लोंबलेला. तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कामाला निघालेलं जनावर आणि काम संपवून आलेलं जनावर, एकाच छपराखाली. मधल्या सगळ्या देवांना सोडून शिल्पकाराने घोड्यांवर एवढी मेहनत का घेतली असावी, याचा विचार करत थोडा वेळ या दोन टोकांमध्ये ये-जा करा.

(हेलिओसचे घोडे चार. आपल्याकडे मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत, विहाराच्या ओसरीत, रथात बसलेली एक आकृती कोरलेली आहे. बहुतेक अभ्यासक ती सूर्याची मानतात, वेगळी मतंही आहेत. त्या रथाचे घोडेही सात नसून चार आहेत. आणि शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यातले काही खांब यवनांनी दान दिल्याचं खांबांवरच कोरलेलं आहे. कोणी कोणाकडून काय घेतलं हा वाद मोठा आहे, आत्ता तो उकरायला नको.)

रथ वर चढू लागला. इथे मिम्नर्मस नावाच्या कवीला मध्ये आणतो, इ.स.पू. सातव्या शतकातला. सूर्याच्या वाट्याला रोजचे कष्ट आले आहेत, त्याला आणि त्याच्या घोड्यांना विसावा कसला तो नाही, असं त्याने म्हणून ठेवलं आहे. हेराक्लिटस हा तत्त्वज्ञ तर आणखी कडक. सूर्य आपलं माप ओलांडणार नाही, आणि ओलांडलंच तर न्यायाच्या दासी, सूड घेणाऱ्या एरिनिस, त्याला हुडकून काढतील. म्हणजे ज्याच्या तेजाने सगळे दिपतात त्याच्यावरही पहारा आहे. रथ त्याचा, वाट त्याची नाही.

श्वासाकडे लक्ष द्या. तोही तुम्ही चालवता आहात असं वाटतं, आणि थांबवायला गेलात तर जमत नाही. दहा-बारा श्वास जाऊ द्या.

दुपार झाली. रथ आता माथ्यावर आहे आणि खालचं काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच ग्रीक लोक शपथ घेताना त्याला साक्षी ठेवत. होमरच्या इलिअडमध्ये सेनापती ॲगमेम्नॉन शपथ घेतो तेव्हा सगळं पाहणाऱ्या, सगळं ऐकणाऱ्या हेलिओसला तो हाक मारतो. साक्षी म्हटलं की आपल्या कानांना दुसरंच काही ऐकू येतं: अलिप्त, न लिंपणारा, नुसता पाहणारा आत्मा. तो अर्थ इथे लावू नका. हेलिओस पाहतो, आणि पाहिल्यामुळे अडचणीत येतो. या मननातला सगळ्यात अवघड भाग आता येतो आहे, म्हणून जरा सावरून बसा.

डिमिटर ही धान्याची देवी. तिची मुलगी पर्सेफोनी कुरणात फुलं वेचत होती. जमीन दुभंगली, पाताळाचा राजा हेडीस रथातून वर आला आणि तिला घेऊन गेला. मुलगी ओरडली. डिमिटरने ती किंकाळी ऐकली, पण कोणी नेलं ते तिला कळलं नाही. नऊ दिवस ती हातात पेटत्या मशाली घेऊन पृथ्वीवर फिरली. तिने काही खाल्लं नाही, अंगावर पाणी घेतलं नाही. देव असोत, माणसं असोत, खरं सांगायला कोणी तयार नव्हतं. दहाव्या पहाटे हेकाटी ही देवी भेटली. तिनेही ओरडणं ऐकलं होतं, पाहिलं काही नव्हतं. मग दोघी मिळून हेलिओसकडे गेल्या आणि त्याच्या घोड्यांसमोर उभ्या राहिल्या.

धावता रथ, आणि घोड्यांच्या तोंडासमोर नऊ दिवसांची उपाशी आई. हे चित्र हलू देऊ नका.

डिमिटरने विचारलं, तू वरून सगळं पाहतोस, माझ्या लेकीला कोणी नेलं ते खरं सांग. आणि हेलिओसने सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं. नेलं हेडीसने, आणि दिली झ्यूसने; दोष त्याचाच. झ्यूस राज्यकर्ता आहे, सगळे त्याला भिऊन गप्प आहेत, आणि हा चुलतभाऊ एका बाईच्या तोंडावर त्याचं नाव घेतो. इथवर आपण त्याच्या बाजूने आहोत.

पण पुढेही तो बोलतो. आता शोक आवर, म्हणतो. हेडीस हा जावई म्हणून काही वाईट नाही, तुझाच सख्खा भाऊ आहे, त्याचंही मोठं राज्य आहे. एवढं बोलून घोड्यांना हाक देतो आणि निघून जातो. त्याला उशीर होत असतो.

थांबा. इथे बराच वेळ थांबा. मी दोन-तीन प्रश्न ठेवतो, उत्तरं देत नाही, कारण मला ती पुरती पटलेली नाहीत.

नऊ दिवस तो रोज तिच्या डोक्यावरून गेला. त्याला माहीत होतं, आणि मशाली घेऊन फिरणारी ती त्याला दिसतही होती. मग तो आपणहून का बोलला नाही? बोलायचंच नाही असा त्याचा नेम म्हणावा तर तोही नाही. ओडिसीत हेफेस्टस लोहाराची बायको ॲफ्रोडाइटी आणि युद्धदेव एरिस यांचं प्रकरण याच हेलिओसने, कोणी न विचारता, नवऱ्याच्या कानावर घातलं होतं. प्रेमप्रकरणाची खबर लगेच पोचली आणि पळवून नेलेल्या मुलीची दहा दिवसांनी, तीही आईने वाट अडवल्यावर. दुसऱ्या प्रकरणात झ्यूसचा हात होता म्हणून तर नव्हे?

आणि तो सल्ला. खरं सांगणं एक, आणि खरं सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याने त्याचं काय करावं हेही सांगणं दुसरं. डिमिटरने माहिती घेतली, सल्ला घेतला नाही. ती देवलोक सोडून निघाली, पुढे तिने सगळ्या पृथ्वीवरचं पीक अडवून धरलं, तेव्हा कुठे वर्षाच्या काही भागापुरती का होईना, मुलगी परत आली. हेलिओसचं ऐकलं असतं तर आली नसती.

तुम्ही पाहिलेली आणि अजून कोणाला न सांगितलेली एखादी गोष्ट मनात आली असेल तर येऊ द्या. आत्ताच निर्णय घ्यायचा नाही. कोणी विचारलं नाही म्हणून गप्प आहोत, की कोणाचं तरी नाव घ्यावं लागेल म्हणून, एवढं मात्र स्वतःशी तपासा.

ऊन उतरू लागलं आहे. हेलिओसचे स्वतःचे दोन घाव राहिले आहेत.

पहिला थ्रिनाकिया बेटावरचा. तिथे हेलिओसची गुरं होती. गाईंचे सात कळप आणि मेंढ्यांचे सात, प्रत्येकात पन्नास. ती कधी वाढत नव्हती, कधी मरत नव्हती. त्या साडेतीनशेचा संबंध ॲरिस्टॉटलने वर्षाच्या दिवसांशी लावला होता. ओडिसिअसच्या उपाशी खलाशांनी शपथ मोडून त्यातल्या गाई कापल्या. होमर सांगतो, सोललेली कातडी सरपटू लागली आणि सळईवरचं मांस, भाजलेलं आणि कच्चं दोन्ही, हंबरू लागलं. हेलिओस खवळला. भरपाई मिळाली नाही तर मी पाताळात जाईन आणि मेलेल्यांवर प्रकाश पाडीन, अशी धमकी त्याने दिली. काम बंद करीन असं तो म्हणत नाही, ते त्याला सुचतच नाही. तेच काम दुसरीकडे जाऊन करीन म्हणतो. झ्यूस घाबरला आणि त्याने जहाजावर वीज पाडली.

आता एक बारीक गोष्ट. गाई कापल्याची बातमी हेलिओसला लँपेटिए या त्याच्या मुलीने नेऊन दिली. सगळं पाहणाऱ्याला सांगावं लागलं! जुन्या टीकाकारांनाही हे खटकलं होतं आणि त्यांनी नाना तऱ्हेचे खुलासे केले. मला खुलासा नकोच आहे. जाता येता ज्या गुरांकडे पाहून त्याला आनंद व्हायचा, नेमकी तीच त्याच्या नजरेतून निसटली.

दुसरा घाव फेथॉनचा, तो बहुतेकांना ठाऊक आहे. मुलाने एक दिवस रथ मागितला, बापाने शपथेवर काहीही द्यायचं कबूल केलं होतं, रथ भरकटला, पृथ्वी जळू लागली, झ्यूसने वीज टाकून मुलाला पाडलं. रोमन कवी ओव्हिडने हे सविस्तर सांगितलं आहे. त्यातल्या दोनच गोष्टी पाहा. एक, त्यानंतर एक दिवस सूर्याविना गेला म्हणतात. उजेड होता तो जळणाऱ्या आगींचा. दोन, देवांनी विनवण्या केल्यावर तो पुन्हा कामावर आला आणि भेदरून थरथरणाऱ्या घोड्यांना चाबकाने फोडून काढू लागला, मुलाच्या मरणाचा दोष त्यांच्यावर टाकून. सुट्टी एक दिवसाची, आणि पुढचा राग जनावरांवर. इथे फार वेळ थांबू नका. आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे.

संध्याकाळ. रथ पश्चिमेला पोचला. पण उद्या पुन्हा पूर्वेलाच उगवायचं आहे, मग परत जायचं कसं? मिम्नर्मस सांगतो की हेफेस्टसने सोन्याची एक पोकळ, पंख असलेली शेज घडवली आहे. तिच्यात निजलेल्या हेलिओसला ती ओशनस या महानदीच्या पाण्यावरून रातोरात पूर्वेला नेते, जिथे पहाटेची वाट पाहत त्याचा रथ आणि घोडे उभे असतात. इतर कवींनी शेजेऐवजी सोन्याचा मोठा पेला केला. तोच पेला हेराक्लिसने एकदा समुद्र ओलांडायला उसना मागून नेला. व्हॅटिकनच्या संग्रहात इ.स.पू. पाचव्या शतकातलं एक चित्रित पात्र आहे. त्यात सिंहाचं कातडं पांघरलेला धिप्पाड हेराक्लिस एका वाडग्यात बसलेला दिसतो, हातात सोटा आणि धनुष्य, खाली समुद्र. एवढा मोठा वीर, पण चित्रात तो थोडा अवघडलेलाच वाटतो.

आता शरीर सैल सोडा. खांदे, जबडा, हातांची बोटं. दिवसभर लगाम धरणारे हात आता रिकामे आहेत. पाहणारे डोळे मिटले आहेत. त्याला कोणी तरी वाहून नेत आहे आणि त्यासाठी त्याला काही करायचं नाही. ती शेज घडवणारा कोण, ते आठवा. घरातलं कटू सत्य ज्याला याने जाऊन सांगितलं होतं तोच लोहार. दोन कथा दोन वेगळ्या कवींच्या आहेत, त्यांना जोडतो आहे तो मी. पण ज्याला सत्य सांगितलं त्याने सांगणाऱ्यासाठी निजायची सोय केली, हे मला आवडतं. लाटांचा आवाज मनात येऊ द्या. जितका वेळ राहावंसं वाटेल तितका वेळ या शेजेत राहा.

उठण्याआधी अथेन्समधल्या दोन माणसांकडे पाहू. अनॅक्सागोरसने सूर्य म्हणजे तापून लाल झालेला, पेलोपोनीज द्वीपकल्पापेक्षा मोठा गोळा आहे असं सांगितलं, आणि त्याच्यावर नास्तिकपणाचा आरोप आला, अथेन्स सोडावं लागलं. पुढे इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला तेव्हा तोच आरोप त्याच्याही गळ्यात घालायचा प्रयत्न झाला. त्यावर सॉक्रेटिस म्हणाला, ही मतं अनॅक्सागोरसची आहेत, त्याचं पुस्तक बाजारात फार तर एका द्राख्मेला मिळतं. याच सॉक्रेटिसची एक हकीकत प्लेटोच्या ‘सिंपोझिअम’मध्ये त्याचा मित्र अल्किबायडिस सांगतो. पोटिडियाच्या मोहिमेवर असताना एका सकाळी सॉक्रेटिस कसला तरी विचार करत उभा राहिला. दुपार झाली, तो जागचा हलला नाही. काही सैनिक रात्री बिछाने बाहेर घेऊन आले, हा किती वेळ उभा राहतो ते बघायला. तो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत उभा होता. मग त्याने सूर्याची प्रार्थना केली आणि चालता झाला.

तुम्हीही आता उठा. हे मनन पुन्हा करायचं असेल तर सगळं एकदम घेऊ नका. एकच भाग घ्यायचा झाला तर डिमिटरचा घ्या, बाकीचे त्याच्यापुढे सोपे आहेत. आणि पहाटे गच्चीत बसणार असाल तर उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहू नका, डोळ्यांना इजा होते. नजर समोरच्या भिंतीवर पडलेल्या उन्हावर ठेवली तरी चालते.